कठड्यापलीकडची हाक

१

ह्यांच्या आजारपणानंतर डॉक्टरांनी हवापालट सुचवला आणि जावयाने डोंगरावरच्या एका विश्रामगृहात आमची सोय केली. मला प्रवासाची हौस नाही. जागा बदलली की शिस्त सैल होते, हे मुलींच्या शाळेच्या सहली नेऊन मी पुरेपूर जाणते. म्हणून तेथेही घरचाच क्रम ठेवला: पहाटे उठणे, स्नान, प्रार्थना, मग ह्यांचे औषध आणि चहा, मग फिरणे. खोली स्वच्छ होती. उंच छत, लाकडी जमीन, दोन पलंग, एक टेबल आणि व्हरांड्यात उघडणारे काचेचे दार. दारापुढे उतरती हिरवळ, आणि तिच्या टोकाला नुसते आभाळ.

ह्यांना जवळजवळ ऐकू येत नाही. कानात यंत्र असेल तर समोरच्याचे बोलणे समजते. यंत्र काढले की दार फोडले तरी पत्ता नसतो. झोपताना, आंघोळीला आणि दाढी करताना यंत्र टेबलावर असते आणि तेवढा वेळ आमचा संसार खुणांवर व ओठांच्या हालचालीवर चालतो. त्यात काही अडत नाही. उलट, घरातील पुष्कळसे वाद त्यामुळे टळले.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ह्यांना मी कधीही नावाने हाक मारलेली नाही. आजच्या मुलींना हे मागासलेपण वाटते, वाटो. मला कोणी सक्ती केली नव्हती. जे नाव साऱ्या कचेरीच्या आणि गल्लीच्या तोंडी होते, ते माझ्याही तोंडी असावे असे मला वाटले नाही. "अहो" हा शब्द माझ्यापुरता पुरेसा होता आणि तो जगात केवळ माझ्याच आवाजात ह्यांच्या वाट्याला येत असे. ते नाव मी येथेही लिहिणार नाही.

हे मात्र अधूनमधून छेडत. आजारात अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणाले होते, "हेडबाई, एकदा तरी नावानं हाक मार की. गेल्यावर मारून काय उपयोग?"

"गेल्यावरचं गेल्यावर बघू. आधी काढा प्या," मी म्हटले.

ते हसले होते. पण डोळे हसत नव्हते, हेही मी पाहिले होते.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे आणि सोबत आलेले लेक-जावई असे चौघे जुनी ठाणी पाहायला गेलो. कोण्या काळच्या फौजेने येथे बराकी, दारूगोळ्याचे कोठार आणि घड्याळाचा मनोरा बांधला होता. आता कोठारात पोस्टकार्डे विकतात आणि मनोऱ्याचे घड्याळ बंद आहे. वाटाड्या गप्पिष्ट होता. शेवटी त्याने आम्हाला दरीच्या तोंडाशी एका लोखंडी कठड्यापाशी आणले.

"समोरच्या डोंगरावर ती पडकी चौकी दिसते का? इकडचा पहारेकरी हाक मारायचा, तिकडून ओ यायची. ओ नाही आली तर समजायचं, माणूस झोपला नाहीतर गेला."

"आमच्या ऑफिसात चालू करायला हवं हे," जावई म्हणाला. "निम्मे तर पहिल्याच दिवशी सापडतील."

"त्यात तू पहिला," लेक म्हणाली.

दरीत धुके चढत होते. जावयाने तोंडाभोवती हातांचा कर्णा केला आणि "सुट्टी!" म्हणून ओरडला. पलीकडून तो शब्द दोनतीनदा परत आला, प्रत्येक वेळी जरा झिजून. लेकीने "आई!" अशी हाक मारली, तीही परतली, तिच्याच आवाजात. शेजारी उभी असलेली माणसे हसली. मला असला पोरखेळ आवडत नाही. मी मागे, दगडी बाकापाशी उभी राहिले आणि शाल आवळून घेतली.

मग हे पुढे झाले. यंत्र कानात होते. कठड्यावर दोन्ही हात टेकून, छाती भरून, त्यांनी स्वतःचेच नाव घेतले. आजारानंतर एवढा मोठा आवाज मी प्रथमच ऐकला.

नाव परत आले. माझ्या आवाजात.

झिजून नव्हे, तुटून नव्हे. एकदाच आले, पूर्ण आले.

"आई!" लेक टाळ्या वाजवत वळली. "घेतलंस! बाबा, आईनं घेतलं तुमचं नाव!"

"मी बोलले नाही," मी म्हटले.

"आता नाही म्हणून कसं चालेल?" जावई म्हणाला. "एवढे साक्षीदार आहेत."

"मी तोंड उघडलेलं नाही."

कोणी मानले नाही. ह्यांनी तर माझे ऐकलेही नसावे. ते कठड्याला पाठ लावून माझ्याकडे पाहत होते, आणि आमच्या साऱ्या संसारात त्यांनी माझ्याकडे असे कधी पाहिले नव्हते. मी नजर खाली वळवली. लाजेने नव्हे. त्या नजरेवर माझा हक्क नव्हता. ती दुसऱ्या कोणाच्या तरी कमाईची होती.

३

मी देव मानते, भुते मानत नाही. या दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात आजवर गुण्यागोविंदाने नांदल्या. म्हणून परतीच्या वाटेवर मी उलगडा शोधला. दगडावर आपटून आवाज बारीक होत असेल. आजाराने ह्यांचा आवाज आधीच चिरका झाला आहे. आणि इतकी वर्षे एकत्र राहिलेल्या नवराबायकोचे बोलणे एकमेकांसारखे होते, हे तर कोणीही सांगेल. उलगडा बरा होता. वर्गात एखाद्या मुलीने तो मांडला असता, तर मी तिला निम्मे गुण दिले असते.

दुपारी मी व्हरांड्यात कपड्यांच्या घड्या घालत होते. हे आत दाढी करत होते. तेवढ्यात अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून बाहेर आले.

"आलो, आलो. काय गं?"

मी खुणेने विचारले: काय?

"हाक मारलीस ना?"

मी उठले, त्यांना हात धरून आत नेले आणि टेबलाकडे बोट दाखवले. यंत्र तेथे, पाण्याच्या पेल्याशेजारी, नेहमीच्या डबीत पडले होते. ह्यांनी कानाला हात लावून पाहिला.

"अरेच्चा. खरंच की." मग ते हसले. "पण ऐकलं मी. अगदी स्वच्छ. यंत्रातून येतं तसं खरखरीत नाही. पूर्वी ऐकू यायचं ना, तसं."

मी ओठ ठळक हलवून विचारले, "कुठून?"

त्यांनी वस्तरा धरलेल्या हातानेच दाखवले. दारातून, हिरवळीवरून, टोकाकडे.

तेथे धुके होते. मी त्यांच्या हातून वस्तरा घेतला, तोंड पुसले आणि यंत्र कानात बसवून दिले.

४

"आपण उद्या निघू," मी लेकीला तिच्या खोलीत जाऊन सांगितले.

"का? बाबांना बरं नाही का?"

"बरे आहेत. ही जागा बरी नाही."

जे घडले ते मी जसेच्या तसे सांगितले. ती पलंगावर बसून ऐकत राहिली. मग माझा हात हातात घेऊन, आजारी माणसाशी बोलावे तशा सुरात म्हणाली, "आई, एक सांगू? घेतलं असशील तर घेतलंस. त्यात लाजण्यासारखं काय आहे? बाबा किती खूश आहेत बघ ना. दवाखान्यातून आल्यापासून आज पहिल्यांदा पोटभर जेवले."

"खोट्या गोष्टीनं माणूस खूश झाला तर ते चांगलं म्हणायचं?"

"झालं सुरू तुझं!"

"माझ्या प्रश्नाचं उत्तर दे."

"नाही द्यायचं मला उत्तर. मी काय तुझ्या शाळेत आहे?" तिचा आवाज चढला. मग स्वतःच नरमली. "बरं. उद्या सकाळी निघू. पण बाबांना तूच सांग. मला त्यांचं तोंड पाहवणार नाही."

मी ह्यांना सांगितले. लहान मुलाने हातातले खेळणे पाठीमागे लपवावे, तसा काहीसा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता.

दिवेलागणीला मी प्रार्थनेला बसले. काचेच्या दाराला कडी घातली होती. हे यंत्र काढून पलंगावर पडले होते, भिंतीकडे तोंड करून. प्रार्थनेच्या मध्यावर मी माझा आवाज ऐकला.

तो बाहेरून आला, हिरवळीच्या खालच्या अंगाने. ह्यांचे नाव. मी शब्दाचे शेवटचे अक्षर किंचित ठासून म्हणते. माझ्या विद्यार्थिनी माझी नक्कल करताना तेच पकडत असत. ते त्या आवाजातही होते. परंतु त्यात आणखी काहीतरी होते, जे माझ्या आवाजात कधीही नव्हते. लाड होता. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत एखादी मुलगी दाराआडून बोलावील, तसा.

मी घाबरले असे कोणास वाटेल. भीती नंतर आली. आधी आला तो संताप. माझा आवाज घ्यायचा, आणि मी जे आयुष्यभर जपून ठेवले ते चव्हाट्यावर उधळायचे? ही कोण लागून गेली?

पलंगावर हे कुशीवर वळले. यंत्र टेबलावर होते. त्यांनी भिंतीला उद्देशून, हळूच, "ओ" दिली.

मी प्रार्थना तोडली नाही. आवाज चढवला आणि शेवटच्या ओळीपर्यंत म्हटली. देवाच्या दारात उभे असताना मागून कोणी बोलावले म्हणून मी वळणारी नव्हे. नंतर माझा पलंग ओढून काचेच्या दाराला आडवा लावला आणि त्यावर बसून राहिले.

५

सकाळ झाली तेव्हा मला हायसे वाटले, आणि तेथेच माझे चुकले. उजेडात काही घडत नाही, असे मी धरून चालले. लेक आणि जावई गाडीत सामान ठेवायला फाटकाकडे गेली होती. मी पलंग जागेवर सरकवला, कारण उसन्या खोलीतील वस्तू होत्या तशा ठेवून जावे. हे बुटांचे बंद बांधत होते. मी स्नानगृहातून टॉवेल घेऊन परत आले, तेवढ्यात खोली रिकामी झाली होती.

काचेचे दार उघडे होते. यंत्र टेबलावर होते.

बाहेर धुके इतके दाट होते की हिरवळीचा रंग पायाखालीच काय तो दिसत होता. मी "अहो!" म्हणून हाक मारली. मारता मारताच तिचा निरुपयोग मला समजला. माझी हाक त्यांच्यापर्यंत पोहोचणारच नव्हती. ज्या हाकेला यंत्र लागत नव्हते, ती माझी नव्हती.

मी धावले. या वयात, शाल एका खांद्यावरून लोंबत असताना, ओल्या गवतावर. हिरवळीच्या शेवटी एक पायवाट होती आणि ती त्याच कठड्याकडे उतरत होती, हे तोवर मला ठाऊक नव्हते. आदल्या दिवशी आम्ही रस्त्याने वळसा घालून तेथे गेलो होतो. ह्यांना मात्र ठाऊक असावे. हयातभर जमिनीची मोजणी केलेला माणूस. कोणती वाट कोठे निघते हे त्यांना न सांगता समजते. आणि कडा नेमका कोठे संपतो, हेही.

खालून माझा आवाज त्यांना बोलावत होता. न थकता. गोड, गोड.

६

कठडा एका बाजूला संपतो आणि पुढे काही अंतर नुसता खडक आहे. हे त्या खडकावर उभे होते. ओल्या दगडावर बूट घट्ट रोवून, मान किंचित तिरकी करून, जसे चांगले ऐकू येणारा माणूस ऐकतो तसे.

मी मागून दंड धरला. ते दचकले, वळले, आणि मला पाहून गोंधळले. त्यांनी दरीकडे पाहिले. पुन्हा माझ्याकडे.

"तू इथं?" ते म्हणाले. "मग तिकडे..."

"चला," मी ओठांनी म्हटले.

ते हलले नाहीत. मी ओढले, तर त्यांनी पाय आणखी घट्ट केले. आजारातून उठलेला माणूस, पण हाड मोजणीदाराचे. मला ओढून नेता आले नसते आणि तेथे झोंबाझोंबी करण्यासारखी जागा नव्हती.

"एकदा म्हण," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. "इथं, माझ्यासमोर. तुझ्या ओठांवर मला दिसू दे. मग चल म्हणशील तिथं येतो. देवाशपथ येतो."

मागणे केवढे होते? अडीच अक्षरांचे. शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. तो म्हणून माझा माणूस परत मिळत असेल, तर कोणती बाई गप्प राहील?

मी गप्प राहिले. कारण मला दिसले की हेच तिला हवे होते. मी ते नाव घेतले असते तर आम्हा दोघींत काहीच फरक उरला नसता. आज ते माझ्या मागे आले असते. उद्या कोणत्याही खोलीत, कोणत्याही जिन्यावर, हाक आली की माझी समजून उठले असते. माझे मौन हीच तेवढी माझी ओळख होती. ती मी त्या खडकावर कोणाच्या हवाली करणार नव्हते.

मी ह्यांचा उजवा हात उचलला आणि त्यांचा तळवा माझ्या मिटलेल्या ओठांवर घट्ट दाबून धरला. डोळे त्यांच्या डोळ्यांत रोवले. आणि थांबले.

धुके अंगावरून सरकत होते. त्यांच्या तळव्याला अजून सकाळच्या आंघोळीच्या साबणाचा वास होता.

हाक आली.

माझ्या आवाजात, पूर्ण, लाडीक. ह्यांनी ती ऐकली. त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांची बोटे माझ्या ओठांवर हलली. चाचपली. ओठ मिटलेलेच होते. गळ्यापर्यंत बोटे नेली. गळा स्थिर होता. पुन्हा हाक आली, जरा घाईने. त्यांनी माझे तोंड दोन्ही हातांनी झाकले. तिसऱ्यांदा आली तेव्हा तीत लाड उरला नव्हता.

मी त्यांचा चेहरा विझताना पाहिला. माझ्याच हाताने मी तो विझवला, हे मी नाकारत नाही. पुन्हा तसे करावे लागले तर पुन्हा करीन.

"तू नाहीस," ते म्हणाले. लहान मुलासारखे. "अगं, ही तू नाहीस."

ह्यांची पाठ दरीकडे होती, माझे तोंड. त्यामुळे मी पाहिले ते त्यांनी पाहिले नाही. धुके क्षणभर विरळ झाले. खडकापासून थोड्याच अंतरावर, जेथे खाली काही नाही तेथे, आमच्याच उंचीवर कोणी उभे होते. खांद्यावर शाल असावी, किंवा धुकेच तसे पडले असावे. चेहऱ्याबद्दल मी काही सांगणार नाही. एवढेच सांगते की चौथी हाक आली, हवेत विरली, सारे शांत झाले. आणि त्यानंतर त्या चेहऱ्याचे तोंड उघडले.

७

मी ह्यांना खडकावरून उतरवले. आता ते मुकाट्याने आले. दगडी बाकावर बसवून शाल त्यांच्या खांद्यांवर घातली. वरून लेकीच्या धावत्या पावलांचा आवाज येत होता आणि जावई कोठूनतरी "बाबा! बाबा!" म्हणून ओरडत होता. तो शब्द दरीतून नीट परत येत होता, त्याच्याच आवाजात, झिजत झिजत. दरी आपल्या जागी आली होती. एखादीने तेथून गुपचूप काढता पाय घेतला असता.

मी कठड्याकडे परत गेले.

"आई, इकडे ये!" लेक मागून किंचाळली.

कठड्याच्या गार लोखंडावर मी हात ठेवले आणि शाळेच्या पटांगणात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचे त्या आवाजात बोलले.

"ते माझे आहेत. तुला त्यांना द्यायला उसन्या आवाजाखेरीज काही नाही. देवानं दिला आहे तोवर त्यांचा हात माझ्या हातात राहील, आणि तुझ्या हाकेला आमच्या घरातून ओ मिळणार नाही. समजलं?"

मी वाट पाहिली. जावयाची हाक अजून पलीकडच्या डोंगरावर घुमत होती, तीही थांबली. माझे शब्द परत आले नाहीत. एकही नाही. "समजलं" एवढेदेखील नाही.

लेक येऊन माझ्या दंडाला बिलगली होती. "आई, तू एवढी ओरडलीस, मग... आवाज का नाही आला परत?"

समोर कोणी नसते तेव्हा आवाज परत येतो. हे तिला त्या क्षणी सांगण्याची गरज नव्हती.

"ऐकलं गेलं म्हणून," मी म्हटले. "बरं झालं. पुन्हा सांगावं लागणार नाही. चल, बाबांना गारठा लागेल."